ओळींचा काटा कोण तपासणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या वाचकपत्रांच्या सदरात उसाच्या काटामारीबद्दलची पत्रे हटकून येतात, आणि ती यायलाच हवीत. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलला जातो आणि त्या काट्यावर त्याचा स्वतःचा ताबा नसतो, ही अडचण आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तरीही त्या काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी होते, त्यावर शिक्का बसतो, भरारी पथके जातात, आणि शंका आली तर बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याची वाट तरी उरते. आमच्या कामाचाही एक काटा आहे. त्यावर कोणाचाच शिक्का नाही, आणि तो कोठे बसवला आहे हेदेखील आम्हाला ठाऊक नाही. त्या काट्याबद्दल हे पत्र आहे.

मी गेली चौदा वर्षे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचे काम करते. अमेरिकेतील डॉक्टर रुग्ण तपासून झाल्यावर किंवा शस्त्रक्रिया आटोपल्यावर आपली टिपणे बोलून ध्वनिमुद्रित करतात. ती फाईल रात्रीतून इकडे येते आणि आम्ही ती ऐकून तिचा लेखी अहवाल तयार करतो. रुग्णाची तक्रार, तपासणी, निदान, औषधांची मात्रा, घरी सोडतानाच्या सूचना असे सारे त्यात येते. त्यांचा दिवस संपतो तेव्हा आपला सुरू होत असल्याने हा धंदा भारतात रुजला. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून या भागातील घराघरांत कोणी ना कोणी परिचारिका, कंपाउंडर किंवा प्रयोगशाळेत काम करणारे सापडते, त्यामुळे वैद्यकातील शब्दांचे आम्हाला भय नव्हते, बी.एस्सी. झालेल्या आणि पुण्या-मुंबईला जाऊ न शकणाऱ्या कितीतरी मुली या कामात आल्या. काम डोक्याचे आहे, बसून करायचे आहे आणि इंग्रजीतले आहे, म्हणून घरच्यांनाही त्याचे कौतुक वाटले. मजुरी मात्र नगावर मिळते, हे त्या कौतुकात कोणी विचारले नाही.

आमचा नग म्हणजे ओळ. कागदावर दिसणारी ओळ नव्हे. ६५ अक्षरांची एक ओळ, असा या व्यवसायातला रूढ हिशेब आहे. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहत. रोज दुपारी ते गोदामाच्या दाराशी खडूने रेघा ओढीत. चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी, की पाच पोती झाली. संध्याकाळी मुकादमाचा आकडा आणि दारावरच्या रेघा जुळल्या नाहीत तर तिथेच तोंडावर वाद होई, आणि बहुतेक वेळा तो तिथेच मिटे. वडील चौथी शिकलेले होते. मी पदवीधर आहे, माझ्यासमोर संगणक आहे, पण महिन्याअखेर माझ्या किती ओळी भरल्या हे मला दुसऱ्या कोणीतरी कळवावे लागते. पूर्वी वर्डमध्ये काम करीत असू तेव्हा अक्षरांची संख्या निदान आमच्या डोळ्यांसमोर असे. आता सारे काम कंपनीच्या ऑनलाईन प्रणालीत होते, तेथे मजकुराची प्रत घेता येत नाही, अक्षरे मोजता येत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात एक बेरीज तेवढी ई-मेलने येते.

हा काटा कसा हलतो, याचे एकच उदाहरण देते. ‘द पेशंट डिनाइज चेस्ट पेन’ हे वाक्य आम्ही रात्रीतून वीस-पंचवीस वेळा तरी लिहीत असू. इंग्रजीत लिहिले तर त्यात २५ अक्षरे येतात आणि शब्दांच्या मध्ये ४ मोकळ्या जागा. म्हणजे बोटांनी २९ कळा दाबल्या. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक छोटी ई-मेल आली, की यापुढे ओळ मोजताना मोकळ्या जागा धरल्या जाणार नाहीत. दर तोच राहील, असेही त्यात आवर्जून म्हटले होते. २९ पैकी ४ गेल्या, म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा गेला. दराला हात न लावता दर महिन्याची मजुरी सुमारे १४ टक्क्यांनी उतरली, आणि आमच्यापैकी अनेकींना हे पुढचे पैसे खात्यात आल्यावरच उमगले. उसाच्या वजनातून मोळीच्या वाढ्याचे, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचे, वजन कापतात, त्यावर निदान वाढे दिसते तरी. मोकळी जागा कापली तर दाखवायचे काय?

याखेरीज अहवालातील शीर्षके मोजत नाहीत. डॉक्टरने ‘माझी नेहमीची तपासणी घाला’ एवढेच म्हटले तर साठवलेला परिच्छेद घालावा लागतो, त्यात त्या रुग्णापुरते फरक करावे लागतात आणि तो नीट वाचावाही लागतो. त्याचेही पैसे नाहीत. या गोष्टी किरकोळ म्हणून मी सोडून देते.

यंत्राची गोष्ट मात्र सोडता येत नाही. पूर्वी आम्ही ऐकून टाईप करीत होतो, तेव्हा मला ओळीला ९० पैसे मिळत. आता डॉक्टरचे बोलणे आधी संगणक लिहून काढतो आणि आम्ही ते ऐकत ऐकत दुरुस्त करतो. याला एडिटिंग म्हणतात आणि त्याचा दर ४० पैसे आहे. अर्धे काम यंत्राने केले, तर पूर्ण पैसे का द्यायचे, असा त्यामागचा युक्तिवाद आहे आणि वरवर तो पटतोही. प्रत्यक्षात बोटांचे काम कमी झाले, कानाचे आणि लक्षाचे वाढले. यंत्राची चूक माणसाच्या चुकीसारखी अडखळत नाही. ती सुबक, व्याकरणशुद्ध वाक्यात बसलेली असते. डॉक्टरने ‘नो’ म्हटलेले यंत्राने गाळले, तर छातीत न दुखणाऱ्या माणसाच्या छातीत दुखू लागते, आणि वाक्य वाचताना कोठेही खटकत नाही.

मध्यंतरी रात्री पावणेतीनच्या सुमारास माझ्याकडे आतड्याच्या शस्त्रक्रियेची एक फाईल आली. डॉक्टर फोनवरून बोलत होते, मागे कसलातरी घंटानाद चालू होता. यंत्राने ‘इलियम’ हा शब्द लिहिला होता आणि उच्चार अगदी तोच होता. इंग्रजीत या उच्चाराचे दोन शब्द आहेत; एकात मधे ‘ई’ येते तेव्हा तो लहान आतड्याचा शेवटचा भाग होतो, दुसऱ्यात ‘आय’ येते तेव्हा ते कमरेचे हाड होते. यंत्राने हाड लिहिले होते. मी एक अक्षर बदलले. त्यासाठी मला मागचे दोन परिच्छेद पुन्हा ऐकावे लागले, कारण त्याच अहवालात पुढे कमरेच्या हाडाचाही उल्लेख होता आणि तो बरोबर होता. एक अक्षर काढून एक घातले, त्यामुळे अक्षरांची संख्या तेवढीच राहिली. जिथे अख्खा अहवाल उलटा होण्यापासून वाचतो, तिथे आमचा काटा जागचा हलत नाही. आणि मी ती चूक ओलांडून पुढे गेले असते तर ती यंत्राची न धरता माझी ‘क्रिटिकल एरर’ धरून माझे पैसे कापले गेले असते.

या कपातीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. अहवालाची अचूकता ९८ टक्के हवी, अशी अट असते आणि ती मला मान्य आहे. अहवाल कोणाच्या तरी आजाराचा असतो. औषधाची मात्रा पंधरा की पन्नास, हे इंग्रजीत उच्चाराने कित्येकदा ओळखू येत नाही. अशा ठिकाणी प्रामाणिक मार्ग एकच, जागा कोरी सोडायची आणि खूण करून वरच्या तपासनिसाला कळवायचे. आमच्याकडे एका अहवालात तीनपेक्षा अधिक कोऱ्या जागा राहिल्या तर त्या अहवालाचे निम्मेच पैसे मिळतात. म्हणजे माहीत नाही असे सांगितले तर दंड नक्की, आणि अंदाजाने ठोकून दिले तर पकडले गेल्यावरच दंड. अशी पद्धत लावल्यावर पहाटे चार वाजता थकलेली मुलगी काय करील, हे सांगायला नको. सात समुद्रांपलीकडच्या त्या रुग्णाला मी कधी पाहणार नाही, पण त्याच्या औषधाचा आकडा अंदाजाने लिहिला जाऊ नये असे मला वाटते, आणि त्याच्या डॉक्टरलाही वाटत असेल.

दंडाला कायद्याने मर्यादा घातली आहे, हे मला अलीकडे कळले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ती होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक नसावा, तो कशासाठी लावला जाईल हे आधी जाहीर केलेले असावे, कामगाराला आपले म्हणणे मांडायची संधी मिळावी, आणि दंडाची जमा झालेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावी. हे शेवटचे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. गेल्या महिन्यात माझ्या ९,३६० रुपयांतून १,१०० रुपये चुकांपोटी गेले. ३ टक्क्यांनी ते २८० रुपयांवर थांबायला हवे होते. कोणत्या फाईलमध्ये कोणती चूक झाली, ते विचारले तर ‘क्लायंटने कळवले आहे’ एवढेच उत्तर येते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आठवण येथे दिल्यावाचून राहवत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागले तेव्हा संगणकाचा डबा डोक्यावर घेऊन आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो आणि दुसऱ्या दिवशी बोटीतून विश्रामबागेला मावशीकडे आलो. आठ दिवस वीज नव्हती, इंटरनेट नव्हते. त्या आठ दिवसांचे पैसे मिळाले नाहीत याची मी तक्रार करीत नाही. काम केले नाही, मजुरी नाही, हे नगाच्या कामात गृहीतच असते. पण पाणी चढले त्या रात्री माझ्या नावावर लागलेल्या तीन फायली वेळेत गेल्या नाहीत म्हणून त्यांचा उशिराचा दंड पुढच्या हिशेबात कापलेला होता. मी पत्र लिहून कळवले, तेव्हा उत्तर आले की पर्यायी व्यवस्था ठेवणे ही माझी जबाबदारी आहे.

‘माझी जबाबदारी’ हे शब्द त्यांनी बेसावधपणे वापरलेले नव्हते. आमच्या करारात आम्ही नोकर नसून ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहोत. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नाही, कर्मचारी राज्य विमा नाही, बाळंतपणाची रजा नाही. उलट व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरणाऱ्याचे पैसे द्यावे लागतात. आता स्वातंत्र्य पाहावे. रात्री अकरा ते सकाळी सात ही वेळ त्यांनी ठरवलेली, सुटी त्यांना आठ दिवस आधी विचारून घ्यायची, दुसऱ्या कोणाचे काम करायचे नाही, फाईल नाकारायची नाही. हे स्वातंत्र्य असेल तर माझे वडील मोठे कारखानदारच म्हणायचे.

शिवाय अमेरिकेच्या १९९६ च्या ‘हिपा’ कायद्यामुळे रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी करारात घरातील स्वतंत्र खोली, कुलूप असलेले दार आणि भिंतीकडे वळवलेला संगणकाचा पडदा यांची अट आहे. आमच्या घरी दोन खोल्या आहेत. रात्री अकराला सासूबाईंचे अंथरूण स्वयंपाकघरात हलते आणि सकाळी सातला परत येते. त्या खोलीचे भाडे, तिथली वीज, इन्व्हर्टरची बॅटरी आणि इंटरनेट यांपैकी कशाचाही मोबदला नाही. योगायोग असा, की त्याच १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यात घरबसल्या कामगाराला बाहेरच्या कामगाराच्या बरोबरीने वागवावे असे म्हटले आहे. भारताने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. त्या सालातला परदेशी रुग्णाला जपणारा कायदा सातासमुद्रांपलीकडून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला, आम्हाला जपणारा करार मात्र वाटेतच राहिला.

तरी आपल्या कायद्यात काहीच नाही असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १७ मध्ये, आणि आता वेतन संहितेच्या कलम १२ मध्ये, स्पष्ट म्हटले आहे की एखाद्याला नगावर काम दिले असेल आणि त्या कामाचे किमान वेतन वेळेवर ठरलेले असेल, तर नगाच्या दराने कितीही रक्कम निघो, वेळेच्या दराने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा ती कमी असता कामा नये. या एका वाक्यावर माझे सारे म्हणणे उभे आहे. मी रोज आठ तास बसते; त्यात १०५ मिनिटांच्या आसपास डॉक्टरांचे ध्वनिमुद्रण (डिक्टेशन) उरकते, सुमारे ९०० ओळी भरतात, ३६० रुपये होतात, आणि २६ दिवसांचे ९,३६०. राज्यात दुकाने व व्यापारी आस्थापनांतील अकुशल कामगारासाठी विशेष भत्त्यासह जे किमान वेतन जाहीर होते, तेवढेही हे भरत नाही. कपात आणि टीडीएस जाऊन हातात ७,४०० च्या आसपास येतात, तेही पुढच्या महिन्याच्या २० तारखेनंतर, ‘क्लायंटचे पैसे आल्यावर’. उसाचे बिल १४ दिवसांत दिले पाहिजे असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते मिळाले नाही तर आपल्याकडे रस्ते अडवले जातात. आम्ही रस्त्यावर कशा येणार? दिवसा झोपलेल्या असतो.

स्थानिक ठेकेदारांची बाजू मला अगदीच कळत नाही असे नाही. काम अमेरिकेतील रुग्णालयाकडून तिथल्या कंपनीकडे, तिच्याकडून बंगळूर-हैदराबादच्या कंपनीकडे आणि तिथून आपल्याकडच्या लहान कार्यालयाकडे येते. प्रत्येक पायरीवर काही पैसे झिरपतात, आणि शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही दर परवडत नाही. यंत्र आणखी सुधारल्यावर हे काम उरेलच याची खात्री त्यालाही नाही. परंतु काम कमी होणार आहे, हे आज झालेल्या कामाचे पैसे कमी देण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि परवडत नाही म्हणून मोजमाप लपवणे ही तर वेगळीच गोष्ट झाली. यार्डातले व्यापारीही ‘परवडत नाही’ असेच म्हणत असत. पाटण तालुक्यातून मुंबईच्या गोदीत गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले आणि १९६९ चा कायदा झाला, त्यानंतरच पोत्याचा हिशेब मालकाच्या मर्जीबाहेर पडला. आमची संघटना नाही, आणि रात्रीच्या कामात एकमेकींची तोंडेदेखील दिसत नाहीत.

म्हणून मागणी एवढीच आहे, की सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयाने जिल्ह्यातील अशा आस्थापनांकडून कोणत्याही एका महिन्याचे हिशेब मागवून पाहावेत: ओळीची व्याख्या लेखी दिली आहे का, प्रत्येक फाईलची अक्षरसंख्या काम करणाऱ्याला त्याच दिवशी दिसते का, कपातीची कारणे नोंदलेली आहेत का, आणि तासांच्या मानाने किमान वेतन भरते का. करारावर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ लिहिले आहे म्हणून दारातूनच परत फिरू नये. वेळ, सुटी आणि काम कोण ठरवतो हे विचारावे.

माझ्यापुरते मी एक केले आहे. वडिलांच्या दारावरच्या रेघांची आठवण ठेवून गेली अडीच वर्षे एक वही लिहिते. तीत रुग्णाचे नाव नाही, डॉक्टरचे नाही, फाईलचा क्रमांकसुद्धा नाही. फक्त तारीख, डिक्टेशनची मिनिटे आणि कंपनीने धरलेल्या ओळी. मोकळ्या जागा मोजत होते तोवर दहा मिनिटांमागे सरासरी १०० ओळी निघत. त्याच डॉक्टरांच्या तशाच दहा मिनिटांमागे आता ८६ निघतात. गेल्या महिन्यात २,७२० मिनिटे झाली. जुन्या हिशेबाने त्याच्या २७,२०० ओळी होत्या, पैसे २३,४०० ओळींचे आले. फरक १,५२० रुपयांचा. कामगार कार्यालयाने मागितली, तर ती वही घेऊन मी कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर येऊ शकेन.

आपली नम्र,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

(सध्या हेच काम करीत असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. नाव व पत्ता आपल्या कार्यालयाच्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर जोडला आहे.)